नसलेल्यांची हजेरी

वर्गात मुलांचं लक्ष नसतं तेव्हा ते नेमकं कुठे असतं, हे या पृथ्वीतलावर एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. शिक्षणखात्याला ते ठाऊक नाही, पालकांना तर नाहीच नाही. आणि डोंबिवलीत फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेली चौदा वर्षं दहावीचं गणित शिकवून मी जेवढे केस घालवलेत, ते पाहता निदान मला तरी ठाऊक असायला हवं होतं, पण माझं सगळं आयुष्य "लक्ष कुठाय तुझं?" असं ओरडण्यात गेलं आणि त्या प्रश्नाला उत्तरही असू शकतं, हे मला कधी सुचलंच नाही. मामांना ते सुचलेलं. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवण्यात घालवला आणि "लक्ष द्या" हे दोन शब्द एकदाही उच्चारले नाहीत. मुलगा हरवलेला दिसला की ते खडू खाली ठेवत, त्याच्या बाकाशी जात आणि गावाहून आलेल्या पाहुण्याला विचारावं तशा आवाजात विचारत, "कुठे होतास?" एकदा एक मुलगा म्हणाला, "दुर्गाडी किल्ल्यावर, सर. खाडीतल्या होड्या बघत होतो." मामा म्हणाले, "किती आहेत?" तो म्हणाला, "तीन." "बरं, चौथी दिसली की सांग. तोवर आम्ही हे त्रैराशिक उरकतो." आणि पंधरा मिनिटांनी त्या मुलाने खरोखरच हात वर केला. म्हणाला, "सर, चौथी आली, आणि त्रैराशिकाचं उत्तरपण आलं." मामा ही हकीकत सांगताना त्रैराशिकाचं उत्तर काय होतं ते कधीच सांगत नाहीत. चौथी होडी कोणत्या रंगाची होती, ते मात्र दर वेळी सांगतात.

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. साहेब मागच्या बाकावर बसून छताकडे बघत होते. मामांनी सवयीने जाऊन विचारलं, "कुठे होतात?" साहेब इतके गाफील, की खरं बोलून गेले. "मुलीच्या सासरी," म्हणाले. "महिना झाला, तिचं पत्र नाही." सगळा वर्ग साहेबांकडे वळून बसला, आणि एका मुलीने त्यांना सल्ला दिला की सर, तुम्हीच आधी लिहा. जाताना साहेबांनी शेरा लिहिला: 'वर्गात शिस्त नाही. वातावरण चांगले.' मामांनी तो शेरा उतरवून घेऊन घरी देवांच्या तसबिरीशेजारी लावलेला मी स्वतः पाहिलाय.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी होमासमोर बसलेलो, डोळे धुराने भरलेले, गुरुजी काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होते. एवढ्यात कानाशी हलकेच आवाज आला, "कुठे आहात, जावईबापू?" मी दचकून खरं ते सांगितलं, "बुटांपाशी. मेव्हण्या ते पळवणार आहेत आणि ते माझ्या मित्राचे आहेत." मामांनी समजुतीने मान हलवली, उठले, आणि उरलेलं सगळं लग्न हॉलच्या बाहेर माझ्या उसन्या बुटांच्या जोडीशेजारी खुर्ची टाकून बसले. "तुमचं मन तिकडे होतं ना," नंतर म्हणाले, "म्हटलं, मी तिथे थांबतो, म्हणजे तुम्हाला इकडे यायला हरकत नाही." सख्ख्या भाचीची सप्तपदी बघायची राहून गेली त्यांची. मेव्हण्या अजून मला हसतात, आणि बायको अजून मामांवर नाही, माझ्यावर चिडते.

निवृत्त झाल्यावर मामा मुलाकडे ठाण्याला, माजिवड्याला राहायला गेले. एकोणिसावा मजला. भिंतभर काचा आणि खाली बघितलं तर नुसते उड्डाणपूल, एकमेकांच्या अंगावरून गेलेले. "गाड्या दिसतात हो," मामा म्हणायचे, "पण सगळ्यांना कुठेतरी पोचायचं असतं. नुसता बसलेला माणूस दिसत नाही." म्हणून आठवड्यातून तीनदा, बस बदलत बदलत, ते डोंबिवलीला भाचीच्या हातचं ताक प्यायला यायचे आणि ताक पिऊन झालं की दुपारच्या बॅचला माझ्या क्लासच्या शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या खिडक्या दिसल्या. मुलं बाहेर बघतात म्हणून मी काचांना दुधी कागद चिकटवला होता आणि त्या कल्पनेचा मला फार अभिमान होता. मी पाठ फिरवून फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असताना मामांनी ओला रुमाल आणि एक नाणं घेऊन कागद खरवडला. मी वळलो तेव्हा काचेत ताटलीएवढा स्वच्छ गोल तयार झालेला, आणि त्यातून समोरची गच्ची, गच्चीवरची पाण्याची टाकी, कबुतरं उडवणारा एक बनियनमधला माणूस आणि बदामाच्या झाडाची तीन लाल पानं दिसत होती. दुपारचं ऊन त्या गोलातून येऊन बरोबर माझ्या समीकरणातल्या एक्सवर पडलं होतं. इतक्या वर्षांत त्या एक्सकडे मी स्वतः पहिल्यांदाच नीट पाहिलं असेन.

मी हट्टाने तो गोल बुजवणार होतो. पण त्याच सुमाराला मी ठाण्याला एका हॉटेलात एकाग्रतेच्या कार्यशाळेला जाऊन आलेलो आणि तिथून परतताना एक नवीनच खूळ डोक्यात घेऊन आलेलो, त्यामुळे खिडकी राहून गेली. खूळ असं, की रोज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक गोल टाकायचा. लक्ष होतं तर हिरवा, अधूनमधून होतं तर पिवळा, नव्हतं तर लाल. चार दिवसांत ग्रुपवर महाभारत झालं. एका आईने विचारलं की माझ्या मुलाला पिवळा आणि शेजारच्या बंगल्यातल्याला हिरवा, हे कसं काय. एका बाबांनी रोज सकाळी 'सुप्रभात सर, आज हिरवा बघा ना' असं पाठवायला सुरुवात केली. मामांनी माझा फोन हातात घेऊन ते सगळं गोल-गोल वाचलं आणि विचारलं, "हा लाल गोल मिळालेला मुलगा कुठे गेला होता, ते कुठल्या रकान्यात लिहिता?" मी म्हटलं, "मामा, तसा रकाना नाहीये." ते म्हणाले, "मग अर्धाच तक्ता झाला की हो." बायकोने तिकडून हाक मारून सांगितलं, की घरातल्या कामांसाठी माझ्या नावापुढे कायमचा लाल गोल समजावा.

तो राहिलेला रकाना मामांनी स्वतःच सुरू केला. माझ्या वर्गाची हजेरी ते घेऊ लागले. नंबर पुकारला की मुलाने 'प्रेझेंट' म्हणायचं नाही, मन कुठे आहे ते सांगायचं. पहिल्या दिवशी नुसती खिदळणी. पण मामा इतक्या मनापासून ऐकायचे आणि वहीत लिहून घ्यायचे, की आठवड्याभरात मुलं खरं बोलायला लागली. "चार?" "डब्यात, सर. आज बटाट्याची भाजी आहे." "सात?" "मॅच बघतोय." "स्कोअर?" "वाईट, सर." आणि मग एकदा अकरा नंबर, जो मुलगा मला कायम उर्मट वाटत आलेला, तो बाकाकडे बघत म्हणाला, "सकाळी आईबाबा भांडलेले. मी अजून तिथेच आहे." वर्गातला पंखा एकदम मोठ्याने फिरायला लागल्यासारखं वाटलं. मामांनी लिहून घेतलं. "बरं," म्हणाले, "आज तू नुसतं उतरवून घे. समजायचं ते उद्या समजलं तरी चालेल." मी खडू हातात धरून उभा. त्या मुलाला मी दोन महिने रोज लाल गोल देत होतो.

त्या दुपारी आठवल्या, की मला त्यात भिंतीच दिसत नाहीत. पस्तीस मुलं बाकावर बसलेली आणि तरी वर्ग कुठल्या कुठे पसरलेला. कुणी आजोळी आंब्याच्या झाडावर, कुणी न घेतलेल्या सायकलवर, कुणी मैत्रिणीच्या रुसण्यापाशी. आणि मामा मधोमध, चष्मा कपाळावर ढकलून, एकेकाला "बरं, ये सावकाश" म्हणताहेत. आणि ती यायची हो. सांगून गेलेली मुलं परत येतात, न सांगता गेलेली येत नाहीत, एवढं गणित मला तेव्हा कळलं. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि असतं तरी मी ते ऑप्शनला टाकलं असतं.

या सगळ्यात एकच मुलगी अशी होती, की तिचं उत्तर कधी बदललं नाही. एकवीस नंबर, ऋतुजा. आई चौकात पोळीभाजी केंद्र चालवायची. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, चाचणीत पैकीच्या पैकी. "एकवीस?" "इथेच, सर." रोज इथेच. मी तिला रोज हिरवा गोल द्यायचो आणि बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचो. दिवाळीनंतर एकदा ताक पिता पिता मामा म्हणाले, "ती एकवीस नंबर मला काळजीत टाकते."

"तिची कसली काळजी?" मी म्हटलं. "हिरा आहे हिरा."

"तीन आठवडे झाले, ती इथेच आहे."

"मग चांगलंच आहे की."

"जावईबापू, पंधरा वर्षांचं माणूस तीन आठवडे एकाच जागी थांबतं, ते तापात नाहीतर भीतीत. आधी जायची ती. जूनमध्ये मी आलो तेव्हा ती खिडकीतून कबुतरं मोजायची. आता खिडकीच्या बाकावर पाळी आली तरी ती दुसऱ्याला देते."

मी हो-हो म्हणून आणखी ताक घेतलं. मला त्या वेळी वेगळीच घाई होती. डोंबिवलीत कुठल्याही आनंदाचा फ्लेक्स लागतो, वाढदिवसाचा लागतो, नगरसेवकाच्या भाच्याच्या वाढदिवसाचाही लागतो. पण दहावीच्या निकालाचा फ्लेक्स निकालानंतर सगळेच लावतात, तेव्हा चौकात खांबच शिल्लक राहत नाही. म्हणून मी ठरवलं, आपला आधीच लावायचा. परीक्षेला तीन महिने असताना चौकातल्या खांबावर, बरोबर पोळीभाजी केंद्रासमोर, माझा फ्लेक्स झळकला: 'गणितात शंभरपैकी शंभर! आमची ऋतुजा! हार्दिक शुभेच्छा!' खाली तिचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि शेजारी माझा, तिच्या दीडपट. छापणाऱ्याने विचारलं होतं, "सर, तुमचा कुठला घेऊ?" तर मी सात पाठवलेले. तिला विचारावं, हे मात्र माझ्या मनाला शिवलंही नाही. तिच्या आईला विचारलं होतं, आणि त्या माउलीने पोळी लाटता लाटता "तुम्ही म्हणाल तसं, सर" म्हटलं होतं.

मामा त्या फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले. "परीक्षा झाली का?"

"मार्चमध्ये आहे."

"मग हे काय, पत्रिका मांडलीत?"

"मार्केटिंग, मामा. असं करावं लागतं."

"बरं," ते म्हणाले. मुलांना म्हणतात तसलं ते 'बरं' नव्हतं.

दहा दिवसांनी मी सराव परीक्षा घेतली. ऋतुजा वेळ संपेपर्यंत ताठ बसली होती. तिने पेपर दिला, त्यावर नाव होतं, नंबर होता, पट्टीने आखलेला समास होता, वरच्या कोपऱ्यात तारीख होती. बाकी काही नव्हतं. एक आकडा नव्हता. मी पान उलटं करून बघितलं, पंख्याखाली धरून बघितलं, जणू उत्तरं वाळली की दिसतील. दुसऱ्या दिवशी तिची आई कणकेचे हात तसेच घेऊन जिना चढून आली.

"सर, ती परीक्षेला बसत नाही म्हणते. फॉर्म भरलाय, सगळं झालंय, पण बसणार नाही. काही विचारलं की नुसती बघते. रडतपण नाही हो." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला बोलायचं नाही, सर, पण माझ्याकडे पोळ्या न्यायला येणारा जो तो तिला विचारतो, 'शंभर ना गं?' भाजीवाला विचारतो. रिक्षावाला सुट्टे देताना विचारतो. ती आता मागच्या गल्लीने येते."

त्या गेल्या. शेवटच्या बाकावरून मामा म्हणाले, "शिडी कुणाकडे मिळेल?"

शिडी मंडपवाल्याकडे मिळाली. आता मला उंचीची इतकी भीती आहे, की आमच्या घरातला पंखा बायको पुसते. पण संध्याकाळच्या त्या गर्दीत, भर चौकात, मी चढलो आणि मामांनी खालून शिडी धरली. लोक जमले. "सर, लाइनमन झालात का?" एक. "सर, फोटो पसंत नाही पडला का?" दुसरा. मी एक दोरी सोडवली, दुसरी सोडवली, आणि फ्लेक्सची अर्धी बाजू वाऱ्याने माझ्याच तोंडावर आली. शिडी हलायला लागली म्हणून खाली बघितलं, तर मामा नव्हते. पलीकडच्या फुटपाथवर, मान वर करून, ते घराकडे परतणाऱ्या कबुतरांचा थवा बघत उभे होते. मी खांबाला मिठी मारली. माझाच दीडपट चेहरा माझ्या काखेत. तेवढ्यात शिडी एकदम स्थिरावली.

"सर, डावा पाय खाली घ्या. अजून थोडा. मी धरलीय."

ऋतुजा होती. पाठीवर दप्तर, हातातली दुधाची पिशवी दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून तिने शिडी धरलेली.

"ऋतुजा," मी वरूनच म्हटलं, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"आधी उतरा, सर," ती म्हणाली. "मग चुका."

जमलेले लोक हसले, आणि शिडी किंचित हलली, म्हणून मला कळलं की तीही हसतेय. मामा खरंच कबुतरांत हरवले होते, की तिला मागच्या गल्लीतून येताना त्यांनी आधीच पाहिलेलं, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. ते दर वेळी कबुतरं किती होती तेवढंच सांगतात.

एका फ्लेक्सने झालेलं, एका शिडीने लगेच भरून निघत नाही. ती क्लासला येत राहिली, पण "एकवीस?" म्हटलं की "इथेच." पुढचा दिवस, "इथेच." मी गोल टाकणं बंद केलेलं, ग्रुपवर आता फक्त वाढदिवस चालायचे. मामांनी तिला काही विचारलं नाही, समजावलं नाही, फक्त खिडकीचा बाक रोज तिच्या नावाने मोकळा ठेवला. आणि एका दुपारी, उन्हाचा तो गोल सरकत सरकत तिच्या वहीवर आलेला असताना, मामा म्हणाले, "एकवीस?" उत्तर आलं नाही. कुणी मागे वळून पाहिलं नाही, आमच्या वर्गाला तेवढी रीत कळायला लागली होती.

"खडवलीला," ती म्हणाली.

मामांचं पेन थांबलं. "खडवलीला कुठे?"

"नदीवर. आजी होती तेव्हा आम्ही जायचो. पाण्यात पाय सोडून बसलेय."

"पाणी गार आहे?"

"खूप."

"बस मग. घाई नाही."

आणि आम्ही थांबलो. पस्तीस मुलं, एक फळा, मी, आणि माझी अर्धवट सोडवलेली भूमितीची आकृती, सगळे त्या नदीच्या काठाशी थांबलो. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही, आणि मी असा मास्तर आहे की वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती पेटली तरी घड्याळ बघतो. मग तिने वही उघडली आणि विचारलं, "सर, तो लंब कुठून टाकलाय?"

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. मार्क मी सांगणार नाही, कारण तिने सांगू नका म्हटलंय, आणि या वेळी मी तिला विचारलं होतं. तो फ्लेक्स अजून माझ्याकडे आहे. मी त्याने स्कूटर झाकतो. छापलेली बाजू आत असते, त्यामुळे सगळा पावसाळा मी माझ्याच सीटवर पालथा पडून काढतो.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्यांनी बसचा प्रवास नको म्हणून सांगितलं. भेटायला गेलो, तर ते त्या काचेच्या भिंतीपाशी खुर्चीत बसलेले, पायांवर शाल. खाली पुलांवरून गाड्या आपापल्या जागी पोचायला निघालेल्या. मी त्यांच्याच आवाजात विचारून पाहिलं, "कुठे आहात, मामा?"

"इथेच," ते म्हणाले.

दुसऱ्या कुणाला ते उत्तर साधं वाटलं असतं. मी ताकाची बाटली तशीच टेबलावर ठेवली आणि परत येताना सगळ्या वाटेत मला तो एकच शब्द ऐकू येत राहिला.

आता हजेरी मी घेतो. मामांइतकी चांगली नाही घेत, मधेच बटाट्याच्या भाजीत रमतो. शेवटचं नाव झालं की फोन लावून टेबलावर ठेवतो, आवाज मोठा करून, आणि म्हणतो, "छत्तीस?" हा नंबर मुलांनीच त्यांना दिला. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेलंही नाही. पहिले कितीतरी दिवस पलीकडून तेच यायचं, "इथेच," आणि मुलं म्हणायची, "बरं, मामासर." बाकी काही नाही. मीही काही समजावलं नाही. काचेतला गोल मात्र रोज पुसून ठेवत गेलो.

परवा मी "छत्तीस?" म्हटलं आणि फोनमधून काहीच आलं नाही. मला वाटलं, लाइन गेली. मी हात पुढे केला, तर पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, घाई नाही." मी हात मागे घेतला. समोरच्या गच्चीवर बनियनमधल्या माणसाने कबुतरं सोडली होती. ती वळली की सगळी एकदम पांढरी व्हायची आणि पुन्हा वळली की दिसेनाशी. आम्ही थांबलो. मग फोनमधून, फार लांबून आल्यासारखा, मामांचा आवाज आला.

"पाणी अजून गार आहे हो, जावईबापू."